माती सुटलेल्यांचं गाणं



आमच्या सरांच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतलं हे यंदाचं दुसरं पुष्प. गाणं काय म्हणतं ते नंतर बघा, ते कुणाच्या तोंडी आहे ते आधी बघा, ही सवय सरांनी आम्हाला लावली. आजचा विषय त्याच सवयीतून निवडला आहे. विषय दूरचा, दक्षिण अमेरिकेतला. पण गोव्यात तो मांडताना एक सोय आहे. ही गाणी पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी ती भाषा शाळेत गिरवली आहे. शेवटी ध्वनिमुद्रणं वाजवू तेव्हा बरेच शब्द त्यांना थेट कळतील. स्पॅनिश आणि तिथल्या मूलवासी ग्वारानी भाषेची सरमिसळ आली की मात्र तेही अडखळतील.

ब्राझीलच्या नकाशात अगदी खाली, देश निमुळता होत जातो तिथे, रिओ ग्रांदे दो सुल हे राज्य आहे. दक्षिणेला उरुग्वे, पश्चिमेला आर्जेन्टिना, राजधानी पोर्तो अलेग्रे. ब्राझील म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा, सांबा आणि कार्निव्हल येतो. इथे हिवाळ्यात दंव पडतं, डोंगराळ भागात कधीमधी बर्फही पडतो, आणि दक्षिणेकडे पांपा नावाचं गवताळ माळरान नजर पोचेल तिथवर पसरलेलं असतं. त्या माळावर गुरं राखणारा घोडेस्वार म्हणजे गाउचो. आर्जेन्टिना आणि उरुग्वेतही गाउचो आहेत, त्यांचं गाणंही थोर आहे. आताहुआल्पा युपांकीसारखा गायक-कवी त्यातूनच आला. मी मात्र आज ब्राझीलच्या बाजूलाच थांबणार आहे. आपल्या मुलखाचा अभिमान इतका उघड, इतका भरभरून गाणारं दुसरं संगीत माझ्या ऐकण्यात नाही.

त्या राज्यातला कुणीही माणूस आज स्वतःला गाउचो म्हणवतो, मग तो आयुष्यात कधी घोड्यावर बसलेला नसला तरी. मूळचा गाउचो मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हता. अठराव्या शतकातल्या सरकारी कागदांत तो भटक्या आणि गुरंचोर म्हणून येतो. ना घर, ना जमीन, ना हद्दीची पर्वा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळावर तारेची कुंपणं आली, मोकळी गुरं मालकांच्या आवारात गेली, आणि एवढ्या माणसांची गरजच उरली नाही. तो शहराच्या कडेला येऊन राहिला. म्हणजे ज्याच्या नावाने हा सारा अभिमान गायला जातो, त्याची स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीनही नव्हती. आज मला जे सांगायचं आहे ते याच ठिकाणी आहे. गाउचो संगीतातली मातीची माया ही माती हातून सुटलेल्यांची माया आहे. हे भान ठेवून रचलेली गाणी मोठी झाली, आणि जिथे ते सुटलं तिथे नुसता गजर उरला, असं माझं मत आहे.

अभिमानाचा मूळ आधार आहे फारोपिल्हा बंड. 20 सप्टेंबर 1835 ला ते सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. 1836 मध्ये बंडखोरांनी ब्राझीलच्या साम्राज्यापासून वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं. त्यांचा पुढारी बेंतो गोन्साल्वेस. पुढे इटलीच्या एकीकरणात गाजलेला गारिबाल्दी इथेच त्यांच्या बाजूने लढला. कारणं बरीच होती, पण पायाशी होतं खारवून वाळवलेलं गोमांस, शार्के. पेलोतास शहराच्या आसपास त्याचे मोठे कारखाने होते. ते गुलामांच्या श्रमावर चालत, आणि तयार झालेलं मांस उत्तरेकडच्या मळ्यांवरच्या गुलामांना खायला जाई. ला प्लाता नदीकाठच्या देशांतून येणारं मांस ब्राझीलच्या बाजारात स्वस्त पडे, इथल्या मालावर करांचं ओझं, अशी जमीनदारांची तक्रार होती. ती तक्रार खोटी नव्हती. पण गाण्यांत जे स्वातंत्र्य येतं त्याच्या तळाशी मीठ, मांस आणि गुलामगिरी आहे, एवढं इथे नोंदवून ठेवतो. पुढे त्याच्याकडे परत यावं लागेल.

या बंडाचं गीत हेच आज राज्याचं गीत आहे. त्याची चाल बांधली जोआकिम जोझे मेंदान्या याने. तो मिनास जेराइसचा, साम्राज्याच्या फौजेतल्या बँडचा प्रमुख. 1838 मध्ये रिओ पार्दोच्या लढाईत बंडखोरांनी त्याला बँडसकट पकडलं आणि त्याच्याकडून आपलं राष्ट्रगीत करवून घेतलं. ज्या चालीवर लाखो माणसं आज छातीवर हात ठेवून उभी राहतात, ती परमुलखातल्या एका युद्धकैद्याची आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. या संगीताचा कुठलाही धागा ओढा, दुसऱ्या टोकाला कुणीतरी बाहेरचा माणूस सापडतो.

आता शंभर वर्षं ओलांडू. 1937 मध्ये जेतुलिओ वार्गास यांनी एकाधिकारशाही आणली. ते स्वतः सांव बोर्झाचे, म्हणजे अस्सल गाउचो. त्यांच्याच राजवटीत 27 नोव्हेंबर 1937 ला रिओ दे जानेरोत जाहीर समारंभ करून सगळ्या राज्यांचे झेंडे जाळण्यात आले. देश एक, म्हणून झेंडा एक. राज्यांची गीतंही बंद झाली. वार्गास 1945 मध्ये पायउतार झाले, पण तोवर पोर्तो अलेग्रेतल्या तरुणांच्या डोक्यात अमेरिकन सिनेमे आणि अमेरिकन गाणी भरली होती.

अशा वेळी जुलिओ दे कास्तिल्योस या सरकारी शाळेतली काही मुलं पुढे आली. बहुतेक खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी, घरची आठवण काढणारी. त्यांचा म्होरक्या सान्ताना दो लिव्रामेंतोचा पैशांव कोर्तेस, वीस वर्षांचा. सप्टेंबर 1947 मध्ये बंडातला एक सेनापती डेव्हिड कानाबारो याच्या अस्थी राजधानीत आणल्या जाणार होत्या. आठ मुलं गाउचो वेशात, घोड्यांवर बसून त्या मिरवणुकीत मानवंदनेला गेली. दोन दिवसांनी, 7 सप्टेंबरच्या मध्यरात्री, स्वातंत्र्यदिनाची राष्ट्रीय ज्योत विझवायच्या आधी कोर्तेसने तिच्यावर एक मशाल पेटवून घेतली. काठीला चिंध्या गुंडाळून रॉकेलमध्ये बुडवलेली, घरगुती. तो विस्तव त्यांनी शाळेत नेऊन कंदिलात ठेवला आणि 20 सप्टेंबरपर्यंत जागता ठेवला. आजही दर सप्टेंबरला राज्यभर ती ज्योत घोड्यांवरून गावोगाव फिरते.

या कृतीतला समंजसपणा मला महत्त्वाचा वाटतो. मुलांनी राष्ट्राची ज्योत विझवली नाही, तिच्याशी वैरही मांडलं नाही. तिच्यातूनच आपला निखारा घेतला. पुढे 24 एप्रिल 1948 ला त्यांनी पहिलं परंपरा-केंद्र काढलं, आणि बंडाच्या सालावरून त्याचं नाव ठेवलं 'पस्तीस'. बार्बोझा लेस्सा हा कोर्तेसचा जोडीदार. पिरातिनीचा, कवी आणि गीतकार. केंद्र निघालं, वेश झाला, शेकोटी झाली, शिमारांव या कढत पेयाचं कडू पान दुधीच्या कवचात घालून सगळ्यांत फिरू लागलं. आणि मग लक्षात आलं की नाचायला आपल्याकडे नाच फारसे उरलेलेच नाहीत. मग हे दोघं तरुण गावोगाव हिंडले, म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं, कुणाला दोन पावलं आठवत होती, कुणाला अर्धं कडवं. त्या तुकड्यांतून त्यांनी नाच पुन्हा बांधले आणि 1956 मध्ये त्यांची पुस्तिका छापली. ही परंपरा शहरात बसून रचली, असा आक्षेप इतिहासकार घेतात. आक्षेप खरा आहे. मला त्यात कमीपणा दिसत नाही. गाव सुटलेल्या पोरांनी जे हाताला लागलं ते गोळा केलं, उरलेलं आठवणीने भरलं. माझा आक्षेप वेगळा आहे: त्यांनी जे वगळलं त्याबद्दल. तिथेही येतोच.

आधी थोडं नादाबद्दल. या संगीताचं मुख्य वाद्य अकॉर्डियन, तिथे त्याला गाइता म्हणतात. ते आलं जर्मन आणि इटालियन वसाहतकऱ्यांबरोबर. जर्मन 1824 पासून आले, इटालियन 1875 पासून. सर्वांत लोकप्रिय नाच वानेरा, तो क्यूबाच्या हाबानेराचा वंशज. शोत हा युरोपातल्या शॉटिशचा. शामारिता आझोर्स बेटांवरून आलेली. शामामे आर्जेन्टिनाच्या कोरिएन्तेसचं. मिलोंगा तर ला प्लाताच्या दोन्ही काठांची सामाईक. गिटारवर मिलोंगा ऐका: आठ मात्रांचं आवर्तन, त्याचे तीन-तीन-दोन असे तुकडे, अंगठा खालच्या तारेवर तेच एक वळण घेत राहतो आणि वर गाणारा जवळजवळ बोलल्यासारखा गातो. घाई नाही. माळावर घोडा चालीने चालला असताना माणूस स्वतःशी बोलतो, तशी ती लय आहे.

खास इथलाच म्हणावा असा ठेका एकच, बुजिओ. रानातल्या हुप्प्या माकडाच्या आवाजावरून तो बांधला. वाजवणारा डाव्या हाताने भाता झटक्याझटक्याने उघडतो-मिटतो, त्यामुळे खालच्या सुरांतून घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा आवाज निघतो. तो जन्मला कुठे यावर सांव फ्रान्सिस्को दे पाउला आणि सांव फ्रान्सिस्को दे आसिस या दोन गावांचा जुना वाद आहे. माकडाच्या गुरगुरण्याचा मान आपल्या गावाकडे असावा म्हणून दोन गावं पिढ्यान्‌पिढ्या भांडतात. मातीची माया इतक्या बारीकसारीक गोष्टींवर जीव टाकते.

आता गायकांकडे. पेद्रो रायमुंदो हा अकॉर्डियनवाला 1943 मध्ये 'आदेउस मारियाना'मुळे देशभर गाजला. रिओच्या रेडिओ नॅसिओनालवर तो बोंबाशा, म्हणजे गाउचोंची घोळदार विजार, आणि गळ्यात रुमाल अशा वेशात यायचा. त्याला पाहून ईशान्य ब्राझीलच्या लुइझ गोंझागाने ठरवलं की आपणही आपल्या मुलखातल्या गुराख्याची चामडी टोपी घालून गायचं. पुढे गोंझागा त्या प्रदेशाचा आवाज झाला. एका मुलखाचा अभिमान दुसऱ्या मुलखाला स्वतःकडे पाहायला शिकवतो, याचं इतकं सुरेख उदाहरण क्वचित मिळतं. आणि पेद्रो रायमुंदो स्वतः शेजारच्या सान्ता कातारिना राज्यातला होता.

मग तेशेरिन्या. वितोर मातेउस तेशेरा, 1927 ला रोलांतेत जन्म, लहानपणी आधी वडील गेले, नऊ वर्षांचा असताना आई भाजून मेली. पोरका पोर मिळेल ते काम करत वाढला. 1960 मध्ये आईच्या त्या मरणावर त्याने गाणं ध्वनिमुद्रित केलं, 'कोरासांव दे लुतो', आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. शहरी समीक्षकांनी त्याची टर उडवली. खेड्यांतल्या माणसांनी त्याला उचलून धरलं. त्याच्याबरोबर दोन दशकं अकॉर्डियन वाजवणारी मेरी तेरेझिन्या, हिचं नाव त्याच्याइतकंच घ्यायला हवं. पुरुषी मिजाशीच्या या संगीतात तिचा हात सगळ्यांना ऐकू येत होता.

1975 मध्ये तेशेरिन्याने 'केरेन्सिया आमादा' केलं. आज ते अनधिकृत राज्यगीतच आहे. वरवर पाहिलं तर स्तुतिपाठ: माळ आणि डोंगर, वीर पुरुष, राज्याने देशाला दिलेले नेते. त्यात एक जागा अशी आहे की गाणारा देवालाच टाचेला आरा लावलेला गाउचो करून टाकतो, आणि तो लाल रुमालवाल्यांचा की पांढऱ्या रुमालवाल्यांचा हे मोकळं सोडतो. हे रुमाल दोन राजकीय पक्षांचे, मारागातो आणि शिमांगो. 1893 ते 1895 आणि पुन्हा 1923 या यादवी युद्धांत अशा दोन बाजूंनी एकमेकांची माणसं मारली. पहिल्या युद्धात कैद्यांचे गळे चिरण्याची प्रथाच पडली होती. ते रक्त सांडून फार काळ लोटला नव्हता. अशा मुलखात देव दोघांपैकी कुणाचाही असेल असं म्हणणं सोपं नव्हतं. आईबाप नसलेल्या माणसाने भांडणाऱ्या घराला एका ओळीत बसवलं, म्हणून मी या गाण्याला नुसता स्तुतिपाठ म्हणत नाही.

पण या संगीताने सर्वांत मोठी झेप घेतली ती सीमेवरच्या उरुग्वायाना गावात. कोल्मार दुआर्ते आणि त्याच्या मित्रांची एक मिलोंगा स्थानिक स्पर्धेत प्रादेशिक म्हणून बाजूला सारली गेली. त्यांनी तक्रार केली नाही, आपला महोत्सव काढला. 1971 मध्ये 'कालिफोर्निया दा कान्सांव नातिवा' सुरू झाला, बक्षीस म्हणून एक सोनेरी पक्षी. पुढच्या दशकात राज्यभर असे महोत्सव निघाले. लष्करी राजवटीचा तो काळ. शहरात शिकलेले कवी, खेड्यातले गिटारवादक, अकॉर्डियनवाले एका मंचावर आले, आणि गाण्यातला गाउचो पहिल्यांदा घोड्यावरून खाली उतरला. तेल्मो दे लिमा फ्रेतासच्या गाण्यात तो मेंढ्यांची लोकर कातरणारा मजूर आहे. 1981 ला जिंकलेलं 'देस्गारादोस', शब्द सेर्जिओ नाप यांचे, चाल मारिओ बार्बारा यांची, त्यात तो राजधानीच्या धक्क्यावर आणि फुटपाथवर आहे. पडेल ते काम करतो आणि कधीकाळच्या शेकोटीच्या गप्पा आठवतो. गाण्यात कुणाचाही जयजयकार नाही. तरी मातीविषयी इतकं प्रेम मी दुसऱ्या कुठल्या गाउचो गाण्यात ऐकलेलं नाही. सत्तरच्या दशकात हजारो गाउचो कुटुंबं जमिनीच्या शोधात पाराना, मातो ग्रोसोकडे निघून गेली. तिकडेही त्यांनी परंपरा-केंद्रं काढली. त्यांच्या ओट्यांवर हेच संगीत वाजत राहिलं.

वायव्येकडच्या, जुन्या जेझुइट मिशनांच्या प्रदेशातून नोएल ग्वारानी, सेनायर माइका, पेद्रो ओर्तासा यांनी आणखी एका गोष्टीची आठवण करून दिली: ही जमीन आधी ग्वारानी लोकांची होती. त्यांचा नायक सेपे तियाराजु 1756 मध्ये पोर्तुगाल आणि स्पेनच्या फौजांशी लढताना पडला. राजांनी नकाशावर रेघ ओढून सात गावं रिकामी करायला सांगितली होती. त्याने नकार दिला.

आता तो वगळलेला भाग. बंडखोरांच्या फौजेत भालाईतांची तुकडी होती, काळ्या माणसांची. बहुतेक गुलाम, लढलात तर सुटका, असं वचन मिळालेले. 14 नोव्हेंबर 1844 च्या पहाटे पोरोंगोसच्या छावणीवर साम्राज्याच्या फौजेने छापा घातला आणि शंभराहून अधिक काळे सैनिक मारले गेले. त्यांना आधीच नि:शस्त्र केलं होतं, तहाची बोलणी चालू असताना ही अडचण दूर केली गेली, असं अनेक अभ्यासक मानतात. छावणीचा सेनापती होता डेव्हिड कानाबारो. तोच, ज्याच्या अस्थींना 1947 मध्ये त्या आठ मुलांनी मानवंदना दिली. मुलांच्या निष्ठेबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांच्या शाळेत पोरोंगोस शिकवलं गेलं नसावं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं गाण्यांतही ते आलं नाही.

राज्याच्या गीतात एक ओळ आहे. तिचा आशय असा की ज्या लोकांच्या अंगी सद्गुण नाहीत ते अखेर गुलाम होतात. 1 जानेवारी 2021 ला पोर्तो अलेग्रेच्या नगरसभेत नव्याने निवडून आलेले काळे सदस्य हे गीत चालू असताना बसून राहिले. त्यांच्यावर गीताचा अपमान केल्याची टीका झाली. मला विचाराल तर त्या दिवशी त्या सभागृहात मातीवर प्रेम करणारे तेच होते. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी त्या मुलखाचं मांस खारवलं, ज्यांनी त्याच्यासाठी भाले धरले, त्यांना त्या गीतात जागा हवी आहे. आणि ही मागणी बाहेरून आलेली नाही. रोझारिओ दो सुलचा कवी ओलिव्हेरा सिल्व्हेरा, गाउचोही आणि काळाही, त्याने आणि त्याच्या मित्रांनी 1971 मध्ये पोर्तो अलेग्रेत 20 नोव्हेंबर हा काळ्या जाणिवेचा दिवस म्हणून पाळला. आज तो साऱ्या ब्राझीलचा दिवस आहे. उरुग्वायानाच्या महोत्सवाचंही तेच वर्ष. त्याच महोत्सवात उरुग्वायानाच्या काळ्या गायकाने, सेझार पासारिन्योने, 'नेग्रो दा गाइता' गायलं आणि ते गाणं 1977 ला पहिलं आलं.

2024 च्या एप्रिल-मे महिन्यांत त्या राज्यावर जे पावसाचं संकट आलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. पोर्तो अलेग्रेजवळ ग्वाइबा तलावाचं पाणी 5 मीटरच्या वर चढलं. 1941 चा उच्चांक 4.76 मीटरचा होता. 180 हून अधिक माणसं गेली. शेजारच्या कानोआस शहरात एक घोडा छतावर चार पाय जुळवून कित्येक दिवस उभा होता, 9 मे रोजी त्याला बोटीतून काढलं. त्या दिवसांत निवाऱ्यांमध्ये आणि मदतीच्या मैफलींत 'केरेन्सिया आमादा' पुन्हा पुन्हा गायलं गेलं. गाणाऱ्यांची घरं पाण्याखाली होती. जवळजवळ पन्नास वर्षं सणासमारंभात गायलेलं गाणं त्या महिन्यात शब्दाशब्दाने खरं झालं.

आता आपण तीन ध्वनिमुद्रणं ऐकणार आहोत. पहिलं 'देस्गारादोस'. दुसरं सेझार पासारिन्योच्या आवाजातलं 'नेग्रो दा गाइता'. तिसरं तेशेरिन्याचं. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, अभिमानाचं गाणं शेवटी. दुसऱ्या गाण्यात आवाज कुठेही चढवलेला नाही, तिकडे लक्ष द्या. आणि तिसरं लागल्यावर ज्यांना पोर्तुगीज येतं त्यांनी शेजारच्याला अर्थ सांगावा, गाणं चालू असतानाच सांगितला तरी चालेल. तिकडेही ते असंच, सगळ्यांनी बोलत-गात ऐकायचं असतं.